आधी शिरोरेखा, मग अक्षरं

एका माहितीपटाचं पाच सेकंदांचं सुरुवातीचं शीर्षक नुकतंच आफ्टर इफेक्ट्समध्ये (अक्षरं-चित्रं हलती करायचं सॉफ्टवेअर) पूर्ण केलं. ट्युटोरियल ढीगभर सापडतात, पण जवळजवळ सगळी रोमन लिपीवर बेतलेली. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, त्यामुळे ती एकेक करून उडवा, फिरवा, पसरवा, काही बिघडत नाही. देवनागरीत अक्षरं रेघेने जोडलेली, वेलांटी अक्षराच्या आधी, उकार खाली, रफार वर. रोमनसाठी केलेलं टेम्प्लेट तिथे लावलं की शब्दाचे तुकडे होतात. म्हणून हे काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहितो आहे. जो पहिल्यांदा या वाटेला जाईल त्याचे निदान काही तास वाचावेत.

समजायला सोपं जावं म्हणून इथे 'दुसऱ्या क्षितिजाशी' हे नमुन्याचं शीर्षक घेतो. खाली उकार, मधे अर्धा ऱ, जोडाक्षर, दोन ऱ्हस्व वेलांट्या, शेवटी दीर्घ वेलांटीचा श, म्हणजे अडचणीच्या बहुतेक गोष्टी यात आहेत.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदपत्रं. चित्रपटाचं संकलन कुठल्या मापात चाललं आहे हे ईमेलवर लेखी विचारून घेतलं: फ्रेमचं माप (1920 बाय 1080), फ्रेम रेट (सेकंदाला 25 फ्रेम), शीर्षक चित्रावर येणार की काळ्या पडद्यावर, म्हणजे अल्फा चॅनल (पारदर्शकतेची माहिती) हवा की नको, कुठला कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) चालेल आणि किती सेकंद. यात फ्रेम रेट सगळ्यात महत्त्वाचा. 30 च्या कंपोझिशनमध्ये (ज्यात शीर्षक रचतात तो पट) केलेलं शीर्षक 25 च्या टाइमलाइनवर टाकलं की सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि हालचाल अडखळते. नंतर दुरुस्त करायचं म्हणजे सगळ्या कीफ्रेम (हालचाल कुठे सुरू होते, कुठे संपते याच्या खुणा) पुन्हा बसवायच्या. दुसरी लेखी गोष्ट म्हणजे शीर्षकाचं शुद्धलेखन. अक्षरांचे आकार (टाइप न होणारी नुसती चित्रं) केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून अंतिम शब्द युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा आणि 'हेच मंजूर' असं उत्तर येईपर्यंत थांबा. या सगळ्या कामात सर्वात लांबलेली प्रतीक्षा हीच असते, रेंडरची (अंतिम व्हिडिओ तयार होण्याची) नव्हे.

शुद्धलेखन तपासताना ऱ्या नीट बघावं. 'दुसऱ्या' मधला ऱ हा नुक्त्याचा ऱ (युनिकोड 0931), त्यावर हलन्त आणि पुढे य. साधा र टाइप केला तर त्याचा रफार होऊन 'दुसऱ्या' ऐवजी 'दुसर्या' उमटतं, आणि मोठ्या पडद्यावर ते लगेच खटकतं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर आधी रूपांतर करून घ्या, कारण त्या फॉन्टांत काना-मात्रा म्हणजे रोमन कळांवर बसवलेले सुटे तुकडे असतात.

खर्चाचं थोडक्यात. आफ्टर इफेक्ट्स भाडेतत्त्वावर मिळतं, सात दिवसांची चाचणी फुकट असते. एकाच शीर्षकासाठी पैसे भरायचे नसतील तर दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्युजन हा असाच विभाग आहे आणि ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. खाली सांगितलेली पद्धत अक्षरांच्या आकारांवर चालते, त्यामुळे मेनूंची नावं बदलली तरी विचार तोच लागू पडतो. फॉन्टचा परवानाही आत्ताच बघून ठेवा. मुक्त, बलू, खंड, यात्रा वन, तिरो देवनागरी मराठी हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत आणि व्यावसायिक व्हिडिओत वापरायला मोकळे आहेत. ज्याला मराठी वळणाचे ल आणि श हवेत त्याने फॉन्ट निवडतानाच ते तपासावेत. बऱ्याच फॉन्टांत हे आकार असतात, पण भाषा 'मराठी' अशी सांगितली तरच दिसतात, आणि मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सांगायची सोय असेलच असं नाही. तिरो देवनागरी मराठीत ते मुळातच मराठी वळणाचे आहेत.

फॉन्ट निवडताना आणखी एक कसोटी: शिरोरेखा पुरेशी जाड हवी. बारीक रेघ असलेला सुंदर फॉन्ट स्थिर छपाईत शोभतो, पण व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये ती रेघ थरथरते.

यानंतर आफ्टर इफेक्ट्स. नवी कंपोझिशन 1920 बाय 1080, चौरस पिक्सेल, 25 फ्रेम, लांबी पाच सेकंद म्हणजे 125 फ्रेम. मजकूर टाइप केल्यावर वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली दिसली किंवा क्ष फुटून क् आणि ष सुटे दिसले, तर प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात टेक्स्ट इंजिन बघा. जुन्या आवृत्त्यांत ते 'लॅटिन' वर असतं, ते 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करावं लागतं. बदल केल्यावर सॉफ्टवेअर बंद करून उघडावं, नवा प्रोजेक्ट घ्यावा आणि मजकूर नव्याने टाइप करून तपासावा.

कॅरेक्टर पॅनलमध्ये ट्रॅकिंग शून्य ठेवा. अक्षरांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेणारा प्रकार रोमन शीर्षकांत फार लोकप्रिय आहे. देवनागरीत तो करू नये, रेघेत फटी पडतात. पसरण्याचा भास हवाच असेल तर दोन शब्द एकमेकांपासून दूर न्यावेत. शीर्षक दोन ओळींचं असेल तर लीडिंग (ओळींमधलं अंतर) आपोआपच्या 120 टक्क्यांवर सोडू नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. 140 ते 150 टक्के ठेवलं की श्वास घ्यायला जागा मिळते. टायटल सेफ चौकट (जिच्या आत शीर्षक पडद्याच्या कडेला कापलं जात नाही ती) नव्या मानकानुसार 90 टक्के, म्हणजे 1728 बाय 972 पिक्सेल. सॉफ्टवेअरमधली मूळची चौकट 80 टक्क्यांची आहे. तिच्यात बसवलं तर दोन्हींत बसतं.

टेक्स्ट लेयरला (मजकुराच्या थराला) 'अ‍ॅनिमेट' मधून पोझिशन देऊन रेंज सिलेक्टर (हालचाल एकेका अक्षरावरून पुढे नेणारी सोय) चालवायचा हा नेहमीचा सोपा रस्ता. त्यात 'बेस्ड ऑन' हा पर्याय 'कॅरेक्टर्स' वर असतो, आणि देवनागरीचं घोडं तिथेच पेंड खातं. सॉफ्टवेअरच्या लेखी वेलांटी आणि तिचं अक्षर ही दोन वेगळी माणसं असतात. 'क्षि' मधली वेलांटी एकटीच खाली येते आणि क्ष मागून धावत येतो. हाच पर्याय 'वर्ड्स' वर ठेवला तर शब्द अखंड राहतो. घाईच्या कामाला, बातम्यांच्या पट्टीला, नावांच्या यादीला तेवढं पुरतं. मुख्य शीर्षक मात्र अक्षरागणिक यायला हवं असेल तर मजकुराचे आकार करण्याला पर्याय नाही.

टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक, 'क्रिएट' आणि त्यात 'क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट'. मूळ लेयर आपोआप झाकला जातो. तो पुसू नका, पुढे मोजमाप पडताळायला लागतो. नवा शेप लेयर मूळ मजकुराशी एकदा जुळवून बघा. कुठे फरक दिसला तर तेच शीर्षक इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि पीडीएफ म्हणून आत आणून 'क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेयर' करा. इंकस्केप जोडाक्षरं व्यवस्थित जुळवतं.

शेप लेयरचा 'कंटेंट्स' उघडला की गटांची लांब यादी दिसते. फॉन्टनुसार संख्या बदलते. 'ऱ्या' चेच तीन गट असू शकतात: अर्धा ऱ, य आणि काना. नावांवर विसंबू नये. एकेका गटाचा डोळा बंद-चालू करून कोणता तुकडा कोणाचा ते ओळखावं. मग एका अक्षराचे सगळे तुकडे निवडून कंट्रोल-जी ने एक गट करावा आणि त्याला नाव द्यावं. आपल्या शीर्षकाचे सात गट होतात: दु, स, ऱ्या, क्षि, ति, जा, शी. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी इमारत यावर उभी राहते. प्रत्येक गटाच्या ट्रान्सफॉर्ममध्ये अँकर पॉइंट (फिरण्या-वाढण्याचा केंद्रबिंदू) आणि पोझिशन बघून घ्या. दोन्हींत सारखेच आकडे असतील तर दोन्ही 0,0 करून टाका, अक्षर जागचं हलत नाही. हे केलं नाही तर एका गटाच्या कीफ्रेम दुसऱ्यावर चिकटवल्यावर सातही अक्षरं एकाच जागी येऊन बसतात.

आता मुख्य कल्पना. आधी शिरोरेखा डावीकडून उजवीकडे ओढली जाते, मग एकेक अक्षर त्या रेघेतून खाली उतरतं आणि शेवटी वरच्या वेलांट्या उगवतात. हाताने लिहिताना आपण रेघ शेवटी ओढतो, पडद्यावर ती आधी आलेली बरी दिसते, कारण अक्षरांना लटकायला आधार मिळतो.

रेघेसाठी पेनाने एक सरळ पाथ काढून त्याला 'ट्रिम पाथ्स' (रेघ हळूहळू उमटवणारी सोय) लावायचा मोह होतो. दिसायला छान, पण देवनागरीची शिरोरेखा अखंड नसते. थ, ध, भ यांच्या डोक्यावर ती तुटते, कित्येक फॉन्टांत श आणि क्ष वरही तुटते. सरळ रेघ ओढली की भ चा म होतो. 'ध' चा 'मा' आपण इतिहासात वाचला, इथे 'ध' चा 'घ' होतो. म्हणून रेघ नव्याने काढायची नाही, अक्षरांच्या आकारातूनच कापून घ्यायची.

त्यासाठी गट केलेल्या शेप लेयरच्या दोन प्रती काढून एकूण तीन लेयर केले: रेघ, धड, माथा. तिन्हींत तीच अक्षरं, फक्त प्रत्येकावर वेगळा मास्क (लेयरचा ठरावीक भागच दाखवणारी चौकट). पूर्ण रिझोल्यूशनमध्ये, 400 टक्के झूम करून इन्फो पॅनलमध्ये रेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेचा उभा आकडा वाचा. समजा रेघ 430 ते 452 या पट्ट्यात आहे. 'रेघ' लेयरचा मास्क 430 ते 452, 'धड' चा 451 पासून खाली, 'माथा' चा 431 पासून वर. एकेक पिक्सेल मुद्दाम एकमेकांवर घेतला आहे. नेमकं कडेला कड लावून कापलं तर कडा गुळगुळीत करताना दोन्हीकडचे पिक्सेल अर्धपारदर्शक होतात आणि रेघेखाली केसाएवढी फट दिसते. फेदर (मास्कच्या कडेचा मऊपणा) शून्य.

शेप लेयर निवडून चौकोनाचं साधन वापरलं तर मास्क न होता नवा चौकोनच तयार होतो. वरच्या टूलबारमधलं 'टूल क्रिएट्स मास्क' चं बटण आधी दाबावं लागतं. आणि हालचाल लेयरच्या पोझिशनला न देता आतल्या गटाच्या पोझिशनला द्यायची. लेयर हलवला तर मास्कही सोबत सरकतो आणि अक्षर कापलं जाण्याऐवजी अख्खं तरंगत येतं. गट हलवला तर मास्क जागेवर राहतो आणि अक्षर खरंच रेघेच्या आडून बाहेर येतं.

रेघेच्या लेयरवर 'लिनियर वाइप' (एका बाजूने उघडत जाणारा इफेक्ट) टाकला. 'ट्रान्झिशन कम्प्लीशन' 100 वरून 0 करायचं, कोन उणे 90, म्हणजे रेघ डावीकडून उघडते. उजवीकडून उघडत असेल तर कोन उलटा करा. इथे एक बारीक गोष्ट आहे. वाइप मोजला जातो तो पूर्ण 1920 पिक्सेलांवर. शीर्षक जर 1300 पिक्सेल रुंद आणि मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना 310 पिक्सेल रिकामे, म्हणजे साधारण 16 टक्के. 100 ते 0 अशी कीफ्रेम दिली तर सुरुवातीचे काही फ्रेम नुसते रिकाम्या जागेत जातात, आणि ईझिंगमधला (वेग हळूहळू वाढवण्या-कमी करण्यातला) जो संथ, देखणा शेवट असतो तोही शीर्षक संपल्यावर रिकाम्या जागेतच खर्च होतो. रेघ यंत्राने ओढल्यासारखी वाटते आणि कारण सापडत नाही. 84 ते 16 दिलं की वळणाचा पूर्ण उतार रेघेवरच पडतो.

वेळेचं गणित फ्रेममध्ये असं बसलं. रेघ 0 ते 14. पहिलं अक्षर 8 व्या फ्रेमला निघतं, तोवर रेघ त्याच्या डोक्यावरून पुढे गेलेली असते. प्रत्येक अक्षराला 12 फ्रेम, पुढचं अक्षर दोन फ्रेम उशिरा. सातवं अक्षर 20 ला निघून 32 ला टेकतं. वेलांटी तिच्या अक्षराने टेकण्याआधी दोन फ्रेम निघते आणि आठ फ्रेम घेते, त्यामुळे 'शी' ची वेलांटी 38 व्या फ्रेमला जागेवर येते. तिथून 113 पर्यंत शीर्षक स्थिर, म्हणजे पूर्ण तीन सेकंद, आणि शेवटच्या 12 फ्रेममध्ये जातं. स्थिर काळ ठरवायची माझी पद्धत सोपी आहे: शीर्षक मोठ्याने दोनदा वाचून बघायचं. आपण ते दिवसभर बघत असतो म्हणून सेकंदभरही पुरेसा वाटतो, पण प्रेक्षक ते पहिल्यांदाच वाचत असतो.

अक्षर किती वरून आणायचं? रेघेपासून सर्वात खाली जाणारा तुकडा मोजा. इथे तो 'दु' चा उकार. साध्या अक्षरांची उंची धरून अंतर ठरवलं तर उकाराचं टोक सुरुवातीपासूनच रेघेखाली डोकावतं. उकाराचं टोक रेघेखाली 250 पिक्सेलांवर असेल तर 260 वर घ्या, आणि सगळ्या अक्षरांना तेवढंच अंतर द्या. पहिल्या गटाला पोझिशनच्या दोन कीफ्रेम (0, उणे 260 आणि 0, 0) देऊन त्या बाकीच्या गटांवर चिकटवायच्या, मग प्रत्येकाच्या निवडून ऑल्ट आणि उजव्या बाणाने (एका दाबाला एक फ्रेम) मागच्या अक्षरापेक्षा दोन फ्रेम पुढे सरकवायच्या.

वेलांट्यांसाठी 'माथा' लेयरमध्ये उलट: गट खालून वर येतो. या लेयरमध्ये ज्या अक्षरांना वर काहीच नाही ते गट पुसून टाकले तरी चालतं, टाइमलाइन हलकी होते. राहिलेल्या गटांत वेलांटी सोडून बाकीचे तुकडे पुसायचेच. ते ठेवले तर वेलांटी खाली असताना तेही झाकलेले राहतात हे खरं, पण पुढे ईझिंगमध्ये अक्षर थोडं जास्त वर उसळलं तर त्याचं डोकं रेघेच्या वर दिसतं.

ईझिंगशिवाय हे सगळं कवायतीसारखं दिसतं. एफ 9 दाबल्यावर मिळणारा 33.33 टक्के प्रभाव दोन्हीकडे सारखा असतो. मला तो शीर्षकांसाठी मिळमिळीत वाटतो. ग्राफ एडिटरमध्ये निघतानाचा प्रभाव 15-20 टक्के आणि पोचतानाचा 80-85 केला की अक्षर झटकन निघून अलगद टेकतं. उसळी देणारी एक्स्प्रेशन (हालचालीची छोटी सूत्रं) वापरू नका असं सांगेन. रेघेखाली लटकणारं अक्षर उसळलं की रेघेपासून सुटतं आणि शब्द पुन्हा फुटतो.

मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा) दोन ठिकाणी चालू करावा लागतो, लेयरवर आणि टाइमलाइनच्या वरच्या मुख्य बटणावर. शटर अँगल (हा धूसरपणा किती ते ठरवणारा आकडा) मुळात 180 असतो. बारा फ्रेममध्ये 260 पिक्सेल जाणाऱ्या अक्षराला तो जास्त होऊन जोडाक्षराचा लगदा दिसतो, 90 ते 120 पुरतो.

स्थिर तीन सेकंदांत शीर्षक अगदी गोठलेलं नको म्हणून सहसा 100 ते 104 टक्के असा संथ झूम देतात. देवनागरीत त्यात एक खोट आहे. लांब आडवी रेघ दर फ्रेमला पिक्सेलच्या अंशाने वर सरकते आणि तिची कड चमचमते. रोमनमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण एवढी लांब आडवी कड तिथे नसते. तिन्ही लेयर प्रीकॉम्प करून (एकाच आतल्या कंपोझिशनमध्ये बांधून) त्या प्रीकॉम्पचा अँकर पॉइंट वाय दाबून रेघेच्या मध्यावर आणला की रेघ जागेवर राहते, वाढ वर-खाली वाटली जाते आणि चमचम जवळजवळ जाते. शीर्षक घालवतानाची ऑपॅसिटीही या प्रीकॉम्पलाच द्यायची. आतल्या तीन लेयरना वेगवेगळी दिली तर तो मुद्दाम ठेवलेला एकेक पिक्सेल दोनदा मोजला जाऊन रेघेच्या कडांवर गडद ओळ उमटते.

ग्लो किंवा ग्रेडियंट वापरला असेल तर प्रोजेक्ट पॅनलच्या तळाशी असलेल्या '8 बीपीसी' (प्रत्येक रंगाला किती बिट) वर ऑल्ट धरून क्लिक करा आणि 16 वर न्या, नाहीतर पट्टे दिसतात. मात्र प्रीव्ह्यूची मेमरी दुप्पट लागते. 8 बिटला एक फ्रेम सुमारे 8.3 एमबी, 125 फ्रेमना जवळपास एक जीबी. 16 बिटला दोन.

रेंडर करताना अल्फा हवा असेल तर एच.264 चा उपयोग नाही, त्यात पारदर्शकता साठत नाही. प्रोरेस 4444 किंवा पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) घ्यावा. चॅनल्समध्ये 'आरजीबी + अल्फा' निवडावं. मी दोन्ही देतो. सिक्वेन्सचा फायदा असा की 90 व्या फ्रेमला वीज गेली तर 91 पासून पुढे करता येतं. कलर 'स्ट्रेट' (रंग मूळचे) ठेवलं की 'प्रीमल्टिप्लाइड' (रंगांत पारदर्शकता आधीच मिसळलेली) हे पाठवताना फाइलच्या नावातच लिहा. घेणाऱ्याने उलटं धरलं तर अक्षरांभोवती काळी किंवा उजळ किनार येते आणि तक्रार शीर्षकाबद्दल होते. रिझॉल्व्हमध्ये हे क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समधल्या अल्फा मोडमधून बदलता येतं. पाठवण्याआधी शीर्षक एका उजळ आणि एका काळोख्या दृश्यावर टाकून, फोनच्या पडद्यावरही बघून घेतलं. फोनवर सर्वात आधी हरवतो तो अर्धा ऱ. तो वाचता येत नसेल तर फॉन्टचं वजन एक पायरी वाढवावं लागतं, म्हणजे आकार, गट आणि मास्क पुन्हा करणं आलं. त्यामुळे ही फोनची चाचणी नुसत्या स्थिर मजकुरावर, पहिल्याच टप्प्यात उरकून घेणं शहाणपणाचं.

प्रोजेक्ट फाइलही मागितली असेल तर 'कलेक्ट फाइल्स' वापरा, पण तो फॉन्ट गोळा करत नाही, फक्त अहवालात नावं लिहितो. फॉन्टची फाइल आणि तिच्यासोबतचा परवान्याचा मजकूर वेगळा फोल्डर करून द्या. समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी आकारांचं शीर्षक व्यवस्थित दिसेल. झाकून ठेवलेल्या टेक्स्ट लेयरचा फॉन्ट मात्र बदलेल, आणि शब्द सुधारायची वेळ आली की तोच लागणार आहे.